माफी कशाबद्दल

फारसी येत नसणं ही माझी पात्रता होती. आजवर प्रत्येक नोकरीत जे येत नाही ते झाकत आले आणि इथे चक्क त्याचसाठी मला घेतलं. मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीत लहान मुलांच्या ओसीडीची एक इंग्रजी प्रश्नावली फारसीत आणायचं काम चाललं होतं. ओसीडी म्हणजे मनात नको ते विचार घुसणं आणि ते गप्प करण्यासाठी तीच तीच कृती करत बसणं. इराण-अफगाणिस्तानातून आलेल्या घरांतली मुलं इथे वाढताहेत, त्यांना घरच्या भाषेत विचारता यावं हा हेतू. प्रश्न फारसीत नेले की दुसऱ्या कोणीतरी मूळ न बघता ते परत इंग्रजीत आणायचे, आणि तिसऱ्याने दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून कुठे काय निसटलं ते शोधायचं. ती तिसरी मी. मला फारसी आली असती तर मनातल्या मनात दुरुस्त्या करून मोकळी झाले असते, म्हणून न येणारीच हवी होती. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तुला फ्रेंच, जॅपनीज, फिजिक्स, सगळीकडेच जॉब मिळेल की." आणि मी काही बोलायच्या आत भांडी लावायला निघून गेला.

फारसीची बाजू एका इराणी मानसतज्ज्ञ बाईकडे होती. माझ्याच वयाची, कडक इस्त्रीचे शर्ट घालणारी आणि सौजन्याच्या बाबतीत असह्य. लिफ्टच्या दारात ती म्हणायची, "आधी तू." मी म्हणायचे, "नाही, तू." तोवर लिफ्ट दोघींना सोडून निघून गेलेली असायची. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, पण अधूनमधून तिला मराठीत तिच्याकडचा एखादा शब्द सापडायचा. हप्ता, कागद, हजार, दरवाजा. मग तिला गावाकडचं माणूस भेटल्यासारखा आनंद व्हायचा. हे शब्द आमच्याकडे कसे पोचले ते सांगताना शाळेतला इतिहास जेवढा आठवला तेवढा मी सांगितला, उरलेला रचला.

प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेणं म्हणजे शब्दाला शब्द लावणं असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. मग मुलांसमोर बसायला लागलो आणि आमची विमानं जमिनीवर आली. एखादं काम अगदी बरोबर झालंय असं वाटेपर्यंत तू ते परत परत करतोस का, असा एक प्रश्न होता. एक मुलगा म्हणाला, हो, गणितं, बाई करायलाच लावतात. गॅस बंद आहे ना हे बघायला पुन्हा पुन्हा जातेस का, या प्रश्नावर एकीने सांगितलं की आजी घरात कोणालाच गॅसजवळ फिरकू देत नाही. हात खूप वेळा धुतोस का, असं विचारलं की मुलं आधी आईकडे बघायची. आई मान हलवून 'हो म्हण' सुचवायची, कारण परक्या दोन बायकांसमोर आपलं पोर घाणेरडं ठरायला नको. हे सगळं आम्ही लिहून घ्यायचो आणि सोमवारी बसून प्रश्न पुन्हा घडवायचो.

शनिवारी ग्लेन वेव्हर्लीच्या बाजूला एका भाड्याने घेतलेल्या शाळेत फारसीचे वर्ग भरत. मी ट्रुगानिनाहून सगळं शहर ओलांडून तिथे जायचे आणि वाटेतल्या ट्रॅफिकला मराठीत शिव्या घालायचे, कारण मागच्या सीटवर कोणी नसायचं. शाळेच्या व्हरांड्यात आया थर्मास, बिस्किटं आणि छोट्या काकड्या घेऊन बसलेल्या. काकडी त्यांच्याकडे फळांच्या ताटात असते. नको म्हटलं की सोलून देतात आणि पुन्हा नको म्हटलं की मीठ लावून देतात. माझ्या पिशवीत परतताना नेहमी काकड्या असायच्या.

आम्हाला दोन तऱ्हेची मुलं हवी होती. आजार असलेली मुलं क्लिनिकमधून येत होती. तुलनेसाठी लागणारी, म्हणजे ठणठणीत समजली गेलेली, या शनिवारच्या शाळेतून. शिवाय प्रत्येकाला तीच प्रश्नावली दोन आठवड्यांनी परत द्यायची असते. उत्तरं साधारण तीच आली तर मोजपट्टी भरवशाची. दोन्ही वेळा वेगळीच आली तर मोजपट्टी रबराची.

ती मुलगी ठणठणीत गटातली होती. दहाएक वर्षांची, दोन घट्ट वेण्या, मोज्यांच्या घड्यासुद्धा एकसारख्या. आई-वडिलांबरोबर वर्षभरापूर्वी इराणहून आलेली. आजी तिकडेच राहिली होती. आई तिकडची दातांची डॉक्टर, इथे दुसऱ्याच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून उभी राहते आणि इथली परीक्षा द्यायची तयारी करते. मुलीने खुर्ची न वाजवता ओढली, प्रत्येक प्रश्न बोट ठेवून वाचला आणि सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली. पेन्सिल परत देताना टोक आपल्याकडे ठेवलं. मी मनात म्हटलं, अशी पोरं कुठल्या झाडाला लागतात? माझी लेक तेव्हा चौदाची होती आणि कात्री मागितली तर माझ्याकडे भिरकवायची.

जाताना ती मुलगी माझ्यासमोर उभी राहिली, हात पोटाशी धरले आणि म्हणाली, "खाला, हलालम कोनीद." खाला म्हणजे मावशी, एवढं कळलं. माझी सहकारी खळखळून हसली, तिच्या गालाला हात लावून काहीतरी गोड बोलली, आणि मुलीने तेच वाक्य तिलाही म्हटलं, दारात उभ्या असलेल्या शाळेच्या बाईंनाही म्हटलं. व्हरांड्यातल्या आयांनी कौतुकाने एकमेकींकडे बघितलं. तिच्या आईची मान इतकी ताठ झाली होती की मला तिचा हेवा वाटला.

पार्किंगमध्ये मी अर्थ विचारला. सहकारी म्हणाली, "माझ्याकडून तुमचं काही वावगं झालं असेल तर मनातून सोडून द्या. लांबच्या प्रवासाला, यात्रेला निघताना म्हातारी माणसं म्हणतात. आजीकडून उचललंय पोरीने."

मी तिला आमचं 'येते' सांगितलं. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. ठाण्याला माझी आई तर मला जिन्यातून परत बोलावून ते म्हणायला लावायची. इथे माझी लेक दारातून ओरडते, "आई, मी जाते." मी स्वयंपाकघरातून ओरडते, "येते म्हण!" ती म्हणते, "बट आय अ‍ॅम लिटरली गोइंग, आई." दार आपटतं आणि माझ्या पोटात अजूनही बारीकसं काहीतरी हलतं. मानसशास्त्रात पदव्या घेऊन बसलेली बाई मी, पण हलतं ते हलतंच. सहकारी हसून म्हणाली, प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. आणि ते खरंच आहे, त्यात आजार वगैरे शोधणारा माणूस मला मुळीच आवडत नाही.

मधल्या दिवसांत इराणमध्ये गडबड झाली आणि तिकडचं इंटरनेट बंद पडलं. माझ्या सहकारीचे आई-वडील तिकडेच. ती ऑफिसात यायची, काम करायची, आणि मध्येच फोन उलटा करून ठेवायची, म्हणजे वाजला नाही हे दिसू नये. मी तिला चहा करून द्यायचे. दुसरं काय करणार? लिफ्टच्या दारात आता मी आधी शिरायचे, कारण तिला आग्रह करायचं त्राण नव्हतं. शनिवारची शाळा मात्र चालू राहिली. आया व्हरांड्यात येत, काकड्या आणत, पण त्या सोलायचं कोणाला सुचत नसे.

अशा शनिवारी ती मुलगी दुसऱ्या फेरीला आली. वेण्या तशाच घट्ट, पण ओठांच्या कडा फुटलेल्या. प्रश्नावली समोर ठेवली तर तिने पेन्सिल उचललीच नाही. सहकारीला काहीतरी विचारलं. सहकारीने मला सांगितलं, "विचारतेय, परत का विचारताय? माझी उत्तरं खोटी होती हे तुम्हाला कळलं का?" मग तिने मुलीला समजावलं की सगळ्यांनाच परत विचारतो, ही परीक्षा नाही, तू काहीच चुकलेली नाहीस.

मुलगी म्हणाली, "हलालम कोनीद."

सहकारी म्हणाली, सोडलं गं राणी, सोडण्यासारखं काही नाहीच. असं काहीतरी असणार, सूर तसाच होता. मुलीने तेच परत म्हटलं. सहकारीने तेच परत सांगितलं. मुलीने पुन्हा म्हटलं, या वेळी सहकारीच्या बाहीला धरून. मला राग यायला लागला. मुलीचा नाही, सहकारीचाही नाही, या गोलगोल फिरण्याचा. लिफ्टच्या दारातलं 'आधी तू, आधी तू' मला आठवलं. पोरगी इंग्रजी शाळेत जाते हे माहीत होतं, म्हणून मी मध्येच तिला सरळ इंग्रजीत विचारलं, "पण सोडायचं कशाबद्दल?"

सहकारीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जेवणाच्या पंगतीत मोठ्याने ढेकर दिली. असं विचारायचं नसतं, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वाक्याची सगळी खूबी हीच असते. काय केलं ते मागणाऱ्याने सांगायचं नाही, देणाऱ्याने विचारायचं नाही. झाकली मूठ झाकलेलीच परत करायची. सभ्य माणसांमध्ये हे असंच असतं आणि ते छानच आहे. मला ठाऊक असतं तर मीही विचारलं नसतं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बऱ्याच दुकानांत फिरून शेवटी आपल्याला हवी ती वस्तू दिसावी, तसा काहीतरी भाव होता. मग ती इंग्रजीत बोलायला लागली, अगदी हळू, टेबलाकडे बघत.

तिच्या मनात येतं की आजी मेली. ती आणत नाही, ते आपोआप येतं. दात घासताना, बसमध्ये, गणिताच्या तासाला. आणि आलं की तिला वाटतं, हे मला आवडलं म्हणून आलं असेल. मग आजीला फोन करून सोडून दे म्हणायचं. आजी हसून सोडलं म्हणते, पण काय सोडलं हे आजीला कुठे माहीत आहे? न बघता सही केल्यासारखं. म्हणजे ते मोजायचं नाही, परत मागायचं. सांगितलं तर आजीला कळेल की नात तिच्या मरणाचा विचार करते. आणि आता फोन लागत नाही. आजी खरंच मेली तर तिने सोडायचं राहिलं, ते कायमचं राहिलं. म्हणून मग तीच माफी आईला, वर्गातल्या मुलींना, परतीच्या बसच्या ड्रायव्हरला. प्रश्नावलीत नको ते विचार येतात का असं विचारलं होतं, तिथे तिने 'कधीच नाही' केलं आणि त्या दिवसापासून ते खोटंही डोक्यावर बसलं.

इतकं सांगून तिने विचारलं, "आता तुम्ही पोलिसांना सांगाल?"

सहकारीने बसल्या जागीच खिडकीकडे तोंड फिरवलं. तिच्या स्वतःच्या आई-वडिलांचा फोन लागत नव्हता आणि एवढीशी पोर तिच्यासमोर हे बोलत होती. मी मुलीला सांगितलं की असे विचार पुष्कळ माणसांच्या मनात येतात, माझ्याही येतात, पोलिसांचं त्यात काही काम नाही. ते आवडतात म्हणून येत नाहीत, नेमकी भीती वाटते म्हणून येतात आणि चिकटतात. तिला किती पटलं देव जाणे. पण तिने सहकारीची बाही सोडली होती.

त्या पोरीने ते इंग्रजीत का सांगितलं याचा विचार मी नंतर बरेच दिवस करत होते. आम्ही महिनोन्‌महिने राबून तिच्या घरच्या भाषेत प्रश्न आणले होते, घासूनपुसून. आणि तिला जे सांगायचं होतं ते जिथे आजी राहते त्याच भाषेत सांगणं तिच्या जिवावर येत होतं. हे मी सहकारीला म्हटलं तर ती म्हणाली, "मग काय, आता प्रश्नावली इंग्रजीत आणायची?" त्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती.

काम आमच्यासाठी कागदावर सरळ होतं. चिंतेचं काही दिसलं तर पालकांना सांगायचं, हे आधीच कबूल केलेलं. प्रत्यक्षात मुलीच्या आईसमोर बसलो तेव्हा सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. सहकारी फारसीत बोलत होती, मधूनमधून मला सांगत होती. मुलीची परवानगी घेऊनच बोलत होतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुम्ही माझ्या मुलीच्या संस्कारांना आजार म्हणताय," ती माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली. तिचं इंग्रजी कामापुरतं होतं, पण त्या वाक्यात एकही चूक नव्हती. "इथल्या मुलांना थँक यू म्हणायला लावावं लागतं. माझी मुलगी माफी मागते, तर ती आजारी?"

मी म्हटलं, नाही, संस्कारांना नाही म्हणत. मग तिलाही मी ते 'येते' सांगितलं. ती ऐकत होती, पण हाताची घडी सुटली नव्हती. मी म्हटलं, "लेक जाते म्हणाली की मला चुटपुट लागते. भाजी ढवळेपर्यंत ती विरून जाते. तुमच्या मुलीची विरते का?"

मी वाट बघितली. मला वाट बघणं जमत नाही, सहकारीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला म्हणून जमलं. मग आई फारसीत बोलायला लागली आणि थांबेचना. रोज शाळेच्या फाटकात पोर आधी माफी मागते, मगच आत जाते. हल्ली अर्ध्यातून परत येते, आई, तू नीट म्हणाली नाहीस, परत म्हण. डोळ्यात बघून म्हण. दुसरं काही मनात न आणता म्हण. कामाला उशीर होतो म्हणून आई गाडीच्या खिडकीतूनच 'सोडलं, सोडलं' ओरडते, तर पोर फाटकाला धरून रडते. बापाला वाटतं देश सोडल्याचं दुःख आहे, सावकाश जाईल. आईलाही तसंच वाटत होतं. किंवा वाटून घेत होती.

"मी तिला इतक्या वेळा माफ केलं," शेवटी ती इंग्रजीत म्हणाली, "की तिने खरंच काहीतरी केलंय असं तिला वाटायला लागलं असेल." आणि मग रडली. सहकारीही रडली. मी टिश्यूचा डबा शोधत बसले, तो माझ्यासमोरच होता.

फारसी बोलणारे मानसतज्ज्ञ इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि त्यांच्याकडे रांगा लागलेल्या. शेवटी माझ्या सहकारीने स्वतःच्या क्लिनिकच्या दिवसांत तिला घ्यायचं ठरवलं. मुलीची उत्तरं अभ्यासातून काढली, परवानग्या घेतल्या. प्रश्नावलीच्या सूचनांमध्ये आम्ही एक ओळ वाढवली, की मूल फार माफी मागत असेल तर कशाबद्दल ते हळुवारपणे विचारावं. ती ओळ फारसीत लिहिताना सहकारीने चार-पाच वेळा खोडली. इतका उद्धट प्रश्न तिच्या भाषेत सभ्यपणे विचारायची सोयच नाही, असं तिचं म्हणणं होतं.

काही आठवड्यांनी तिकडचं इंटरनेट परत सुरू झालं. आजी धडधाकट होती. मला वाटलं, चला, सुटलो. सहकारीने कपाळाला हात लावला. म्हणाली, अगं, आजी बरी आहे हे ऐकून मुलीचं भागलं असतं तर तो आजारच नव्हता. आता तर दिवसभर फोन करायची सोय झाली. खरं काम पुढेच होतं. पोरगी माफी मागेल तेव्हा ती द्यायची नाही. 'सोडलं' म्हणायचं नाही, 'नाही सोडलं' असंही म्हणायचं नाही, नुसतं 'माहीत नाही' म्हणायचं आणि तिची घालमेल तिला सोसू द्यायची. सोसली की ती आपोआप उतरते हे तिला कळू द्यायचं. आजीला फोनवरून पटवायला सहकारीला बराच वेळ लागला. आजी म्हणाली म्हणे, एवढं तर मी दुश्मनालाही करणार नाही.

एक दिवस मी क्लिनिकमध्ये दुसऱ्याच कामाला गेले होते. छोट्याशा पँट्रीत मुलीची आई चहाचा कप धरून उभी होती. आत मुलगी आणि सहकारी. मला बघून ती म्हणाली, आज पहिल्यांदा करायचंय. ती बाहेर येईल, विचारेल, आणि मी द्यायचं नाही. तिने मला विचारलं, "तुमच्याकडे आईला असं करायला सांगतात का?" मी म्हटलं, "सांगतात. आणि आया सांगणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या देतात." ती हसली आणि कप बाजूला ठेवला.

मुलगी आली. आईसमोर उभी राहिली, हात पोटाशी. तेच वाक्य. आईने तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, गेलं, देणार आता. खरं सांगते, मलाच द्यावंसं वाटत होतं. आईने ओट्याची कड घट्ट धरली आणि म्हणाली, "नेमीदूनम." माहीत नाही. मुलीने परत विचारलं, आवाज चढवून. "नेमीदूनम." मुलगी रडायला लागली, तिने आईच्या कोटाची बाही ओढली, पाय आपटला. आई वळली, नळ सोडला आणि स्वच्छ कप धूत राहिली. तिचे खांदे हलत होते. दारात सहकारी येऊन उभी राहिली होती. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं पण वाटेत सगळ्या उभ्या होत्या.

बराच वेळ गेला. रडणं हुंदक्यांवर आलं, हुंदके नाक ओढण्यावर आले. नळ अजून वाहत होता. मग मुलगी आईच्या पाठीकडे बघून काहीतरी म्हणाली. छोटंसंच वाक्य, पण शब्दन् शब्द दातांखाली चावून. आईचा हात थांबला. तिने नळ बंद केला, वळली, आणि मला तिच्या चेहऱ्यावर काय आहे तेच कळेना.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तू वाईट आई आहेस," सहकारीने दारातून सांगितलं.

आम्ही तिघी मुलीकडे बघत राहिलो. आता मागेल, असं प्रत्येकीला वाटत होतं. या वेळी तर मागण्यासारखं काहीतरी होतं. मुलीने बाहीने नाक पुसलं, बिस्किटांचा डबा जवळ ओढला, आत हात घालून क्रीमचं बिस्किट शोधलं आणि आईकडे रागाने बघत ते सावकाश खायला लागली. माफी काही आली नाही.